सिद्ध झालं म्हणजे नेमकं काय झालं?

आवाज मागेपर्यंत येतोय ना? ठीक.

गेल्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाण म्हणजे काय, हे न्यायदर्शनाच्या अंगानं पाहिलं. आजचा जाहीर विषय 'विज्ञानातली सिद्धता' असा आहे, पण मी तो जरा वाकडा करून घेणार आहे. मला आज टीका करायची आहे. विज्ञानावर नाही, तेवढी माझी पात्रता नाही. टीका आहे ती आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी सगळ्या विज्ञानांना लावलेल्या एकाच मोजपट्टीवर. ही पट्टी मी स्वतः तीस वर्षं वर्गात फिरवली, त्यामुळे काही फटके मलाही बसणार आहेत.

सुरुवात घरापासून करतो. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणायचो, इंजिनिअर होता आणि बरीच वर्षं अमेरिकेत होता. १९८७ साली त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून तो उठला, कामावरही जायला लागला. पण नाडीत मधूनच जादा ठोके पडायचे. तिथल्या डॉक्टरांनी ते ठोके दाबणारी गोळी सुरू केली. दादा स्वभावानं चौकस. त्यानं डॉक्टरांकडून सगळा युक्तिवाद समजून घेतला आणि एका रविवारी फोनवर मला सांगितला. झटका येऊन गेलेल्यांपैकी ज्यांना असे जादा ठोके जास्त पडतात, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त असतं. ही गोळी ते ठोके दाबते. म्हणून ही गोळी जीव वाचवते. तो म्हणाला, तू तर्कशास्त्र शिकवतोस ना, यात कुठे फट दिसते का सांग. मी म्हणालो, दादा, बिनतोड आहे, घे. आणि खरंच, ईसीजीच्या पट्टीवर त्याचे ठोके कमी झाले. पुढच्या वर्षी एका पहाटे तो झोपेतच गेला.

ही गोष्ट इथे ठेवू. तिच्याकडे परत यायचंय.

आता ती पट्टी. कार्ल पॉपर हे नाव तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. व्हिएन्नाचा माणूस. १९१९ साली मे महिन्यात खग्रास सूर्यग्रहण झालं, त्या वेळी एडिंग्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण किती वळतात ते मोजलं. नोव्हेंबरात निकाल जाहीर झाला आणि आइन्स्टाइन रातोरात जगप्रसिद्ध झाला. पॉपर तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याच्या मनावर ठसलं ते हे, की आइन्स्टाइननं स्वतःची मान सुरीखाली ठेवली होती. किरण तेवढे वळले नसते तर सिद्धान्त गेला असता. याउलट फ्रॉइड किंवा अ‍ॅडलर यांच्या मंडळींकडे कुठलाही रुग्ण न्या, त्यांच्याकडे उत्तर तयार. यातून त्याचा सुप्रसिद्ध निकष निघाला. जे विधान खोटं ठरू शकतं, ते वैज्ञानिक. खंडनक्षमता. १९३४ साली जर्मनमध्ये पुस्तक आलं, १९५९ साली इंग्रजीत.

निकषाचं तार्किक सौंदर्य वादातीत आहे. हजार पांढरे हंस पाहिले तरी 'सगळे हंस पांढरे' हे सिद्ध होत नाही, पण एक काळा हंस ते पाडतो. पाडणं आणि उभारणं यांच्यात ही विषमता आहे आणि ती खरी आहे. मी ज्या वर्तुळात वाढलो, तिथे पॉपर म्हणजे घरचा माणूस. भोंदू बाबा, ज्योतिषी, कोणीही समोर आला की आम्ही विचारायचो: तुमचं म्हणणं खोटं ठरायला काय घडावं लागेल ते सांगा! समोरचा गप्प. आम्ही खूश.

पण गंमत बघा. आपल्याकडे ज्योतिषाची जी खरोखर चांगली चाचणी झाली, ती जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात केली, नरेंद्र दाभोलकर त्यांच्यात होते. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि कुठली कोणाची ते ओळखा म्हणून सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं. यात काळा हंस कुठे आहे? एकही उत्तर असं नाही की ज्यानं ज्योतिष 'पाडलं'. चुकलेल्या प्रत्येक पत्रिकेबद्दल 'जन्मवेळ चुकली असेल' म्हणता येतं. पाडलं ते मोजणीनं, एका घावानं नाही. म्हणजे आमच्या लाडक्या उदाहरणातसुद्धा काम पॉपरचं नव्हतं, संख्याशास्त्राचं होतं. हे माझ्या लक्षात यायला निवृत्त व्हावं लागलं, हे जरा लाजिरवाणं आहे.

आता पॉपरच्या स्वतःच्या अंगणात, म्हणजे भौतिकीत जाऊ. सप्टेंबर २०११. जिनिव्हाजवळच्या सर्नमधून इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत न्यूट्रिनो पाठवत होते. अंतर सुमारे ७३० किलोमीटर, मध्ये बोगदा वगैरे काही नाही, सरळ जमिनीच्या पोटातून. न्यूट्रिनोंना खडकाचं काही पडलेलं नसतं. ऑपेरा नावाच्या गटानं जाहीर केलं की हे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. एकदा नाही, तीन वर्षं मोजून, पंधरा हजारांवर नोंदी घेऊन. निव्वळ योगायोगानं असं व्हायची शक्यता कोट्यवधीत एक, असं त्यांचं गणित सांगत होतं.

पॉपरच्या पुस्तकाप्रमाणे हा काळा हंस झाला. सापेक्षता सिद्धान्त गेला. मग जगातले भौतिकशास्त्रज्ञ काय म्हणाले? बहुतेक सगळे म्हणाले, 'कुठेतरी मोजण्यात घोळ आहे, शोधा.' हा हटवादीपणा होता का? माझ्या मते मुळीच नाही. त्यांच्याकडे कारण होतं. १९८७ साली आपल्या शेजारच्या एका दीर्घिकेत ताऱ्याचा स्फोट दिसला. अंतर एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांच्या वर. त्या ताऱ्याचे न्यूट्रिनो त्याच्या प्रकाशाच्या फक्त काही तास आधी आले, आणि त्याचंही सरळ कारण आहे: प्रकाशाला फुटणाऱ्या ताऱ्याच्या थरांतून बाहेर पडायला वेळ लागतो. ऑपेराचा वेग खरा धरला तर ते चार वर्षं आधी यायला हवे होते. एका बाजूला हा आकाशातला साक्षीदार, दुसऱ्या बाजूला केबलांचं जंगल असलेला प्रयोग.

आणि निघालंही तसंच. घड्याळाची वेळ संगणकापर्यंत नेणाऱ्या एका केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. फेब्रुवारी २०१२ मध्ये ते बाहेर आलं, मार्चमध्ये त्याच डोंगराखालच्या दुसऱ्या गटानं मोजून सांगितलं, न्यूट्रिनो वेळेवर येतायत. ऑपेराच्या प्रवक्त्यांनी राजीनामा दिला. मला त्या गटाबद्दल आदर आहे. आकडा त्यांच्या सोयीचा नव्हता, तरी त्यांनी तो लपवला नाही. पण एक लक्षात घ्या. पंधरा हजार नोंदींनी काय साधलं? काहीच नाही. केबल सैल असेल तर पंधरा लाख नोंदी घ्या, ती सैलच राहते. पुन्हा पुन्हा मोजून जी चूक कमी होते ती वेगळी, आणि प्रत्येक मोजणीत मुकाट्यानं सामील असते ती चूक वेगळी.

यावर पॉपरवाले म्हणतील, अहो, हे पॉपरला माहीत होतं. खरं आहे, होतं. कुठलाही सिद्धान्त एकटा कोर्टात उभा राहत नाही, त्याच्याबरोबर उपकरणं, गृहीतकं, घड्याळं असा सगळा गोतावळा उभा असतो आणि निकाल विरुद्ध गेला तर गुन्हेगार कोण हे तर्क सांगत नाही, हे पिएर द्युएम या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं १९०६ सालीच लिहिलं होतं. पॉपरनं त्यावर उपाय सुचवला: सिद्धान्त वाचवण्यासाठी पळवाटा काढू नका. पण मग पळवाट कुठली आणि वाट कुठली हे कसं कळणार? युरेनस गणितात बसेना, तेव्हा ल व्हेरिए यानं सांगितलं, पलीकडे अजून एक ग्रह असणार. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुध गणितात बसेना, तेव्हा त्याच ल व्हेरिएनं म्हटलं, अलीकडे अजून एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन हे नावही दिलं गेलं. तो ग्रह नव्हताच, न्यूटनच अपुरा पडत होता, आणि ते १९१५ मध्ये आइन्स्टाइननं दाखवलं. तोच माणूस, तीच चाल. एकदा प्रतिभा ठरली, एकदा पळवाट. निकष आधी लावून दाखवा, असं मी म्हणतो.

हीच गोष्ट आपल्या मुंबईत घडलेली आहे, आणि तिथे प्रश्न माणसांच्या जिवाचा होता, म्हणून ती मला जास्त महत्त्वाची वाटते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात छोट्याशा जागेत काम सुरू केलं, आणि १० जानेवारी १८९७ ला तयार झालेली लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पुढे लाखोंना ही लस दिली गेली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ माणसं धनुर्वातानं मेली. हाफकिन यांना जबाबदार धरलं गेलं, पद गेलं. पण ती सगळी १९ माणसं एकाच बाटलीतून टोचलेली होती. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून ज्यांना टोचलं त्यांना काही झालं नव्हतं. आणि ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी उघड बाजू घेतल्यावर, १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला.

तिथे केबल, इथे चिमटा. द्युएमचा प्रश्न पॅरिसच्या पुस्तकात तात्त्विक आहे, मुल्कोवालात तो १९ प्रेतांसमोर उभा आहे आणि एका माणसाची पाच वर्षं त्यात गेली आहेत. 'लस खोटी ठरली' असं म्हणणं तेव्हा किती सोपं होतं! पॉपरचा उथळ शिष्य तेच म्हणाला असता.

आता वैद्यकाकडे नीट जाऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

गेल्या वेळी आपण 'उपाधी' पाहिली होती, आठवतंय? जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती ठीक. पण उलटं करून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं तर चुकतं, कारण मध्ये ओलं लाकूड आहे. लालबुंद तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ओलं लाकूड ही उपाधी. नैयायिकांनी फार बारकाईनं सांगितलं की अनुमानाचा खरा शत्रू ही न दिसणारी उपाधी आहे. ती शोधायची कशी, तर विचार करून, उदाहरणं तपासून. आणि शंका घेणाऱ्याचं म्हणणं असं, की तुम्हाला दिसली नाही म्हणजे ती नाहीच असं कशावरून? या शंकेला आपल्या परंपरेत पुरतं समाधानकारक उत्तर मिळालं असं मला वाटत नाही.

हाफकिन यांनी १८९७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात लस दिली, तेव्हा ज्या कैद्यांनी स्वतःहून हात पुढे केला त्यांना टोचलं, बाकीचे तसेच राहिले. टोचलेल्यांत प्लेग कमी झाला. पण हात पुढे करणारे कोण होते? तरुण? धडधाकट? ही उपाधी तिथे बसलेली आहे. हाफकिन यांना ते कळत होतं. पुढच्याच वर्षी बडोद्याजवळच्या उंडेरा गावात प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली, म्हणजे एकाच छपराखालची, एकच अन्न खाणारी माणसं तुलनेला मिळाली. किती सूक्ष्म विचार आहे बघा. तरी घरातला कोण निवडायचा हे माणूसच ठरवत होता.

त्याच्या पुढची पायरी १९४८ ची. ब्रिटनमध्ये क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, आखणी ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाची. एकूण १०७ रुग्ण. कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, रुग्णानं नाही, हिलनंही नाही. यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून चिठ्ठ्या बनवल्या आणि बंद पाकिटांत घातल्या. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ गेले, विश्रांतीवाल्या ५२ पैकी १४. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात थक्क करणारं काय आहे, तर हे: चिठ्ठी टाकली की ज्या उपाध्या तुम्हाला ठाऊकच नाहीत त्याही दोन्ही गटांत ढोबळमानानं सारख्या वाटल्या जातात. उपाधी शोधावी लागत नाही. तिचं नावही माहीत असावं लागत नाही. नैयायिकाच्या शंकेला हे पाकीट उत्तर देतं, आणि ते युक्तिवादानं नाही, लॉटरीनं! मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या ज्ञानमीमांसेतली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि आमच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात ती एका ओळीतही नव्हती. वर्षभर पॉपर होता.

आता दादाची गोळी. १९८७ मध्येच अमेरिकेत एक मोठी चाचणी सुरू झाली होती, कास्ट या नावानं ओळखतात. झटका येऊन गेलेले, जादा ठोके असलेले रुग्ण. एन्केनाइड, फ्लेकेनाइड आणि आणखी एक औषध. आधी सगळ्यांना औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे ठोके खरोखर दबले, त्यांनाच पुढे घेतलं. म्हणजे ज्यांच्यात औषध 'लागू पडलं' तेवढेच. मग चिठ्ठीनं निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच नकली गोळी. तेव्हा काही डॉक्टरांना वाटत होतं की निम्म्या लोकांना जीव वाचवणाऱ्या औषधापासून दूर ठेवणं हे पाप आहे. एप्रिल १९८९ मध्ये त्यातली दोन औषधं तडकाफडकी थांबवावी लागली. त्या दोन औषधांचे एकूण १४९८ रुग्ण. नकली गोळीच्या ७४३ पैकी २६ मेले. खऱ्या गोळीच्या ७५५ पैकी ६३.

(थोडा वेळ शांतता.)

माझा बिनतोड युक्तिवाद असा तुटला. जादा ठोके आणि मृत्यू यांच्यात नातं होतं, पण ओलं लाकूड होतं ते जखमी झालेला हृदयाचा स्नायू. ठोके त्याच्यातून निघत, मृत्यूही त्याच्यातून येई. उपमा तंतोतंत बसत नाही, संस्कृतज्ञांनी माफ करावं. ठोके दाबल्यानं स्नायू बरा होत नव्हता, उलट त्या गोळ्या स्वतःच जीवघेणी लय निर्माण करू शकत होत्या.

दादाची गोळी यातलीच एक होती. मला हे १९९१ नंतर कधीतरी, सविस्तर निबंध हाती आला तेव्हा कळलं. आणि तेव्हापासून जो प्रश्न मला सोडत नाही तो हा. खरी गोळी घेणाऱ्या गटात नकली गोळीच्या प्रमाणातच मृत्यू झाले असते तर २६ च्या आसपास झाले असते. झाले ६३. म्हणजे सुमारे ३७ माणसं गोळीमुळे गेली. हे ज्ञान पक्कं आहे. पण ती ३७ कोण? ६३ नावांची यादी समोर ठेवा, कोणीही बोट ठेवून सांगू शकत नाही की हा गोळीनं गेला आणि हा नाहीतरी गेलाच असता. दादा त्या चाचणीत नव्हता. पण त्याच्याबद्दलही हेच. 'गोळीनं दादा गेला' असं मी म्हणू शकत नाही आणि 'गोळीनं नाही गेला' असंही नाही. वहिनी आहेत, अजून विचारतात. त्यांना मी हे असंच सांगतो. त्यांना ते पटत नाही, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

आता हे पॉपरच्या पट्टीवर ठेवून बघा. 'ही गोळी मृत्यू वाढवते' या विधानाचा काळा हंस कोणता? गोळी घेऊन जगलेले ६९२ लोक आहेत. ते काळे हंस आहेत का? नाहीत. नकली गोळी घेऊन मेलेले २६? तेही नाहीत. एकही माणूस हे विधान सिद्धही करत नाही आणि पाडतही नाही. संभाव्यतेची विधानं काटेकोर अर्थानं खंडनक्षम नाहीत हे पॉपरनं स्वतः त्या पुस्तकात मान्य केलंय, त्यावर एक लांबलचक प्रकरण आहे. त्याचा तोडगा असा, की फारच असंभव असेल ते 'घडत नाही' असं धरून चालायचं हा नियम आपण ठरवू. ठीक. पण मग रेषा आखणारा आला, संकेत आला, निर्णय आला. तर्काच्या ज्या कडक विषमतेवर सगळी इमारत उभी, तीच इथे गळून पडते. आणि वैद्यक म्हणजे काही कोपऱ्यातलं विज्ञान नव्हे. तुमचा माझा विज्ञानाशी जो रोजचा संबंध येतो तो बहुतेक तिथेच.

गणिताबद्दल कमी बोलतो, वेळ पाहता. तिथे उलटाच न्याय. पोल्या नावाच्या गणितज्ञानं १९१९ मध्ये, हो, त्या ग्रहणाच्याच वर्षी, एक अटकळ मांडली. संख्येचे मूळ अवयव मोजा. १० म्हणजे दोन गुणिले पाच, दोन अवयव, सम. १२ म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन, तीन अवयव, विषम. पोल्या म्हणाला, एकपासून दोन किंवा त्यापुढच्या कुठल्याही संख्येपर्यंत जा, विषमवाल्या कधी निम्म्याहून कमी भरणार नाहीत. लोकांनी तपासलं, बरोबर येतंय. लाखापर्यंत बरोबर, कोटीपर्यंत बरोबर. १९५८ मध्ये हेसलग्रोव्ह यानं सिद्ध केलं की अटकळ खोटी आहे, आणि तेही एकही अपवाद हातात नसताना! पुढे अपवाद सापडले. सगळ्यात लहान अपवाद आहे ९० कोटी ६१ लाख ५० हजार २५७. त्याच्या आधीच्या सगळ्या मर्यादा अटकळीच्या बाजूनं. वैद्यकात १४९८ माणसं पुरली आणि औषध थांबलं, इथे ९० कोटी साक्षीदार असूनही खटला हरला. दोन्ही निकाल रास्त आहेत. 'पुरेसा पुरावा' हा शब्द दोन घरांत एकच अर्थ सांगत नाही.

बरं, गणितात तरी पूर्ण खात्री आहे का? मंडईत फळवाला मोसंबी रचतो ती पाहिलीत ना, खालच्या तिघांच्या खळग्यात वरचं एक. यापेक्षा दाट रचना शक्य नाही असं केप्लरनं १६११ मध्ये म्हटलं. चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या किंचित वर जागा भरते. फळवाल्याला शंका नव्हतीच. सिद्धता दिली टॉमस हेल्स यानं, १९९८ मध्ये. अडीचशे पानं आणि त्याच्याबरोबर संगणकाच्या आज्ञावल्या आणि माहितीचा डोंगर. बारा परीक्षक बसले, चार वर्षं. शेवटी थकून म्हणाले, आम्हाला ९९ टक्के खात्री आहे. गणितात ९९ टक्के! हे ऐकून मला हसू आलं होतं, नंतर जरा भीतीही वाटली. हेल्सला ते लागलं असावं. त्यानं मग सिद्धतेची प्रत्येक पायरी यंत्राकडून तपासून घ्यायचा प्रकल्प काढला, तो २०१४ मध्ये पुरा झाला. आता खात्री शंभर टक्के म्हणायची, पण ती कोणाची? वाचून 'अच्छा!' म्हणणारं मन त्यात नाही. पॉपरचाच सहकारी लाकातोश, त्यानं गणितातही अटकळ, खंडन, दुरुस्ती असंच चालतं हे फार बहारीनं दाखवलं होतं. पण यंत्रानं तपासलेल्या सिद्धतेचं काय करायचं, ते त्याच्याही चौकटीत बसत नाही. तो १९७४ मध्येच गेला.

म्हणून माझा आक्षेप असा. पॉपरनं एक चांगला प्रश्न दिला आणि आम्ही त्याची व्याख्या करून टाकली. 'खोटं कसं ठरेल?' हे बाबाला विचारायला उत्तम आहे. पण सैल केबलला, चिमट्याला, बंद पाकिटाला, यंत्राच्या सिद्धतेला हा एकच प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. तिथे ती विद्या आतून माहीत असावी लागते. आम्ही ती शिकलो नाही, कारण पट्टी हातात असल्यावर शिकायची गरज वाटली नाही. आणि याचा एक दुष्परिणाम मी पाहतोय. औषधांचा सल्ला बदलला की लोक म्हणतात, 'काल एक सांगत होते, आज दुसरं, सगळं सारखंच.' ही पॉपरची उलटी बाजू आहे. खोटं ठरणं हेच विज्ञान, असं आम्हीच शिकवलं, तर त्यांनी सगळंच खोटं धरलं. कास्ट चाचणीत विज्ञान नुसतं चुकलं नाही, त्यानं मोजून, स्वतःच्या आवडत्या युक्तिवादाविरुद्ध निकाल दिला. मुल्कोवालात लस चुकलेलीच नव्हती. या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

थांबतो. एखादा प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, मग डॉक्टरांनी गोळी दिली तर आमच्यासारख्यानं घ्यायची की नाही? आम्ही काही निबंध वाचू शकत नाही.

घ्यायची. मी स्वतः रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घेतो, आजही घेऊन आलोय. दादाच्या डॉक्टरांचाही मला राग नाही, त्यांनी त्या वेळचं उत्तम ज्ञान वापरलं. फक्त एक विचारत जा, आणि चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. 'या गोळीनं काय कमी होतं' हे विचारू नका, ते सगळेच सांगतात. दादाचेही ठोके कमी झालेच होते. विचारा, 'चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते का, आणि शेवटी त्यांनी मोजलं काय, आकडा की माणसं?' रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाबतीत माणसं मोजलेली आहेत, पक्षाघात मोजलेले आहेत. मी माझ्या डॉक्टरना विचारलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि वीस मिनिटं बोलले. बाहेर रांग होती, लोक माझ्याकडे बघत होते.

पुढचं व्याख्यान दुसऱ्या शनिवारी. लाकातोशवर बोलेन, मोसंबी घेऊन येईन.